फुलाचं तोंड नको, देठ दाखव

लार्कस्पर, म्हणजे डेल्फिनियम, ही मागे शेपटी असलेल्या फुलांची झाडं. आपल्या सह्याद्रीत रानटी लार्कस्पर म्हणजे निळवंती. पाऊस सरत आला की घाटमाथ्यावरच्या गवतात तिचे निळे तुरे दिसतात आणि डोळे झाकून वहीत नाव लिहिता येतं, डेल्फिनियम मलबारिकम. याच सवयीने हिमालयात माझी फजिती केली.

उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये पहिल्यांदा ऑगस्टात गेलो. निळं, शेपटीवालं फूल दिसलं की काढ फोटो. घरी येऊन मोजले तर साठेक निघाले. सगळे समोरून, रंग झकास. काही तर लार्कस्परही नव्हते, बचनागाचे भाऊबंद होते. तो गोंधळ मात्र लगेच सुटला. बचनागाचं वरचं दल टोपीसारखं पुढे झुकतं, लार्कस्परच्या वरच्या दलाला मागे पोकळ शेपटी असते. दोन्ही विषारी, तेव्हा हात जपूनच.

उरलेले फोटो कॉलेजातल्या आमच्या वनस्पतीशास्त्राच्या बाईंना दाखवले. बाई हसल्या. "अरे, तोंड बघून काय सांगू? देठ दाखव. खालचं पान कुठाय?" एकाही फोटोत नव्हतं.

मग ओळखतक्ता घेऊन बसलो, म्हणजे एकेका प्रश्नाचं उत्तर देत झाडाच्या नावापर्यंत नेणारा तक्ता. आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो ती पाच निळी बाह्यदलं, फुलाचं बाहेरचं आवरण. खऱ्या पाकळ्या चारच, मधोमध दाटीवाटीने बसलेल्या. तक्त्यात रंगाला फारशी किंमत नाही. खोडावर लव आहे का, पान किती खोल चिरलंय, फुलाचा देठ किती लांब, असलेच प्रश्न. शिवाय उंची. कस्तुरीसारखा वास येणारं डेल्फिनियम ब्रुनोनियानम साधारण ४३०० मीटरच्या वरचं, म्हणजे माझ्या फोटोंत ते असण्याचा प्रश्नच नव्हता. एक नाव खोडलं, जरा बरं वाटलं.

पुढच्या वर्षी दहापट मोठं दाखवणारं भिंग नेलं. जोशीमठच्या बाजूच्या गवताळ उतारावर पहिलं झाड भेटलं. बारीक फांद्यांचं, फुलं विरळ, खोड जवळजवळ गुळगुळीत, पान तळापर्यंत चिरून पट्ट्या पट्ट्या झालेलं. डेल्फिनियम डेन्युडेटम. 'डेन्युडेटम' म्हणजे उघडं. नाव ठेवणाऱ्याने तेच पाहिलं होतं, मी वर्षभर उगाच निळ्या रंगाच्या मागे.

व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये पोचल्यावर ओल्या गवतात चक्क पालथा पडलो. बाजूने जाणाऱ्या एका काकांनी "चक्कर आली का?" म्हणून विचारलंसुद्धा. भिंगातून खोडावर राठ केस दिसले, बोटाला खरखरीत लागणारे. खालचं पान रुंद, गोलसर, दातेरी खंडांचं. तुरा गच्च, आणि फुलाच्या मधोमध त्या खऱ्या पाकळ्या काळपट, जणू आत भुंगाच बसलाय. डेल्फिनियम वेस्टिटम, 'वेस्टिटम' म्हणजे वस्त्र ल्यालेलं. एक उघडं, एक पांघरलेलं. ही जोडी आता जन्मात विसरणार नाही.

आता प्रत्येक झाडाचे चार फोटो काढतो: फूल बाजूने, खोड जवळून, सगळ्यात खालचं पान, अख्खं झाड. पहिल्या वर्षीच्या साठांपैकी अकरांनाच नाव देता आलं, तेही मागे चुकून खोड आलं होतं म्हणून. बाकीच्यांखाली लिहिलंय: 'डेल्फिनियम, पान पाहिलं नाही.'