अण्णांसाठी कॅमेरा शोधताना

गणपतीत गावी गेले, तेव्हा अण्णांच्या फोनमध्ये आंब्याच्या एकाच कलमाचे २११ फोटो होते. त्यातले निम्मे कलमाचे कमी आणि अंगठ्याचे जास्त. झाडाला भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, लागलं होतं, खोडाचं भोक टिपायचं होतं. अण्णांनी पडद्यावरचा गोल दाबला, बोट उचलायला एक क्षण उशीर झाला आणि फोनने पटापट पंचवीस फोटो घेतले. मग ते घाबरून परत दाबत राहिले.

अण्णा ७९ वर्षांचे. चिपळूणजवळ आमची हापूसची चाळीस कलमं आहेत. प्रत्येकाला नंबर आहे, आणि कुठल्या नंबराला कधी मोहोर आला, कधी फवारणी केली, कुठे तुडतुडे दिसले याच्या वह्या आहेत. वहीला जोड म्हणून त्यांना तारखेसकट फोटो हवे होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठात जाताना फांद्या पिशवीत घालून न्यायचे दिवस गेले, आता फोटो दाखवतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

फोन त्यांना जमत नाही याला दोन कारणं. उजव्या हाताला कंप आहे. आणि आयुष्यभर कोयता धरलेली बोटं इतकी कोरडी, घट्टे पडलेली आहेत की टचस्क्रीनला कधी कधी त्यांचा स्पर्शच कळत नाही. ही स्क्रीन त्वचेतून जाणाऱ्या अगदी बारीक विद्युतभारावर चालते, दाबावर नाही. अण्णा मात्र न उमटलेलं बटण आणखी जोर लावून दाबतात. फोन हलतो, फोटो हलतो.

"बाय, मला खटका असलेला कॅमेरा आण," ते म्हणाले. "दाबला की कळला पाहिजे."

सोपं काम वाटलं. डोंबिवलीला परत आल्यावर त्याच रात्री मोबाईलवर शोधायला बसले आणि दीड तासात चक्रावून गेले. छोटे, खिशात मावणारे कॅमेरे आता जवळजवळ कुणी बनवतच नाही. २०१० साली जगभर बारा कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे विकले गेले होते. मग फोनने तो धंदा खाल्ला. उरलेत ते एकतर लाखाच्या घरातले, नाहीतर अगदी साधे. त्यात कॉलेजच्या मुलांना मधल्या काळातल्या डिजिकॅमचं वेड लागलंय, त्यामुळे दहा-बारा वर्षांपूर्वीचा कॅमेरा नव्यापेक्षा महाग मागणारेही भेटले.

भाचा म्हणाला, सोनीचा डब्ल्यू-८३० घे मावशी. २० मेगापिक्सेल, आठपट झूम, वजन सव्वाशे ग्रॅम. कागदावर उत्तमच. हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय लेन्समध्येच आहे, शिवाय त्यात अक्षरं मोठी करणारा ‘ईझी मोड’सुद्धा आहे. ओळखीच्या एका बाईंकडे तो होता, तो मी दोन दिवस मागून घेतला. चांगला कॅमेरा. पण माझ्या हातात तो साबणाच्या वडीसारखा निसटत होता, आणि मला कंप नाही. शिवाय दुपारी गच्चीत नेला तर मागच्या पडद्यावर मला स्वतःचाच चेहरा दिसला. आंब्याच्या बागेत अण्णा काय सावलीची वेळ बघून जाणार आहेत?

तिथे मला पहिल्यांदा कळलं की मी चुकीचं शोधत होते. मेगापिक्सेल, झूम, वायफाय हे सगळं मी माझ्या सोयीने लिहून ठेवलं होतं. मग अण्णांना फोन करून विचारलं, "तुम्ही तो जुना यशिका कसा धरायचात?" १९९०च्या आसपास घरात यशिकाचा एमएफ-२ हा रीळ भरायचा कॅमेरा होता. अण्णा फोनवरच सांगायला लागले: डावा हात खाली, कोपर बरगडीला टेकवायचं, कॅमेरा कपाळाला लावायचा, एक डोळा मिटायचा, श्वास धरायचा, दाबायचं. मी हे ऐकत होते आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कपाळाचा टेका! हात लांब करून पडद्याकडे बघत फोटो काढणं म्हणजे कंप असलेल्या माणसाला भरलेला पेला लांब धरायला सांगणं. डोळा लावायची खिडकी असली की कॅमेऱ्याला दोन हात आणि कपाळ असे तीन आधार मिळतात.

म्हणजे मला खिडकीवाला छोटा कॅमेरा हवा होता. व्ह्यूफाइंडर म्हणतात त्याला. आणि असे स्वस्त कॅमेरे नव्यात मिळेनात, कारण पडदे मोठे झाले तेव्हा कंपन्यांनी खिडकीच काढून टाकली. कॅननच्या ए मालिकेत ती बराच काळ टिकली. त्यातले ए-१२०० आणि ए-१४०० नंतरचे, पण त्यांत लेन्समधली ती फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा नाही. २००८ चा ए-५९० आयएस आठ मेगापिक्सेलचा, चौपट झूमचा, आणि त्यात ती आहे. दोन पेन्सिल सेलवर चालतो. सेल उजव्या बाजूला उभे बसतात, म्हणून तिथे कॅमेऱ्याला चांगला जाड फुगवटा येतो. तरुणांना तो बोजड वाटेल. म्हाताऱ्या हाताला तीच मूठ.

आठ मेगापिक्सेल ऐकून भाच्याने नाक मुरडलं. मी त्याच्यासमोर गणित मांडलं. अण्णांना चार बाय सहाचे प्रिंट हवेत. इंचाला तीनशे ठिपके धरले तर १२०० गुणिले १८००, म्हणजे जेमतेम दोन मेगापिक्सेल. आठ खूप झाले.

मग शनिवारची लोकल पकडून सीएसएमटी. स्टेशनच्या समोरच बोरा बाजार, कॅमेऱ्याच्या दुकानांची गल्ली. काचेच्या कपाटात जुने कॅमेरे ओळीने मांडलेले असतात आणि दुकानदार आपल्या चपलेकडे बघून भाव सांगतो. पहिल्या दुकानात मला हवा तोच मॉडेल होता, चकचकीत. सुरू केला, लेन्स अर्धी बाहेर आली, कर्रर्र झालं आणि थांबली. "मॅडम, सेल डाउन आहेत." मी पर्समधून घरचे चार्ज केलेले सेल काढले, तेव्हा तो कॅमेरा त्याने मुकाट्याने परत ठेवला. सेल बरोबर नेणं ही मी केलेली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट.

तिसऱ्या दुकानात बसायला स्टूल मिळालं. तिथे सावकाश तपासलं. आधी सेलचं झाकण. त्याचा प्लास्टिकचा दात बारीक असतो, तुटला की आयुष्यभर रबरबँड. आत पत्र्यावर हिरवट-पांढरी पूड आहे का, म्हणजे कधी सेल पाझरले होते का. मग लेन्स दहा वेळा बाहेर-आत, आवाज ऐकत. बिलाच्या कोऱ्या कागदाचा फोटो काढून मोठा करून बघितला, आत धूळ असेल तर करडे ठिपके दिसतात. मोबाईलची बॅटरी लेन्समध्ये तिरपी मारली. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबईतून येणाऱ्या जुन्या काचांना हा रोग हमखास. फ्लॅश, पूर्ण झूमवर समोरच्या पाटीवरची अक्षरं, आणि शेवटी सेल काढून पाच मिनिटं थांबून परत घातले. घड्याळ विसरलं. म्हणजे आतला बटणाएवढा सेल संपलाय. त्यावर दोनशे रुपये सोडवून घेतले. ३,६०० ला सौदा झाला, जुनी केस फुकट. केस मी घेतली नाही. चामड्याच्या केसमध्ये कोकणात पावसाळ्यात बुरशीची शेतीच होते.

घरी आल्यावर वाटलं, संपलं. कसचं काय.

पहिलं म्हणजे कार्ड. मी हौसेने ६४ जीबीचं आणलं. कॅमेऱ्याने ते ओळखलंच नाही. ३२ जीबीच्या पुढची कार्डं वेगळ्या जातीची, एसडीएक्ससी, आणि ती जात २००९ ची. कॅमेरा २००८ चा. आठ जीबीचं घातलं तर म्हणे कार्ड लॉक आहे. कार्डाच्या कडेला तो नखाएवढा खटका असतो ना, तो घालताना घसरला होता. सेलोटेपचा तुकडा लावून कायमचा बसवला.

दुसरं सेल. सोसायटीखालच्या दुकानातून साधे पेन्सिल सेल आणले, पंचवीस-तीस फोटोंत मान टाकली. कॅमेऱ्याला एकदम जोराचा करंट लागतो, घड्याळाचे सेल तिथे उपयोगाचे नाहीत. चार रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल आणि चार्जर घेतला, त्याचे कॅमेऱ्याच्या जवळजवळ निम्मे पैसे झाले. हा खर्च आधी धरायला हवा होता. पण त्यात एक फायदा आहे: अण्णांना वायर खुपसायची नाही. लाल रंगाची पट्टी लावलेले दोन कॅमेऱ्यात, निळे दोन चार्जरवर. एवढंच लक्षात ठेवायचं.

तिसरी गोष्ट तारीख. फोटोवर तारीख छापायची सोय या कॅमेऱ्यात फक्त ‘पोस्टकार्ड’ आकारात आहे. त्यात फोटो दोनच मेगापिक्सेलचा निघतो. भाचा पुन्हा नाक मुरडणार होता, पण चार बाय सहाला तेवढा पुरतो हे आमचं ठरलं होतं. फिरती चकती हिरव्या ‘ऑटो’वर ठेवून तिच्यावर चिकटपट्टी मारली, नाहीतर कापऱ्या हाताने ती सरकली असती. आवाज बंद केले. मागचा पडदासुद्धा बंद केला.

दिवाळीत घेऊन गेले. अण्णांनी आधी तो तळहातावर तोलला. मग काहीही न विचारता डोळ्याला लावला, कोपर बरगडीला टेकलं. मी फक्त एक शिकवलं: बटण अर्धं दाबायचं, खिडकीशेजारचा बारीक दिवा हिरवा झाला की उरलेलं. पहिल्या दहा वेळा ते अर्ध्यावर थांबायचेच नाहीत, एकदम खाली. मग मी म्हटलं, "बंदुकीचा घोडा ओढतात तसं." तरुणपणी रानडुकरांच्या राखणीला जायचे ते, लगेच समजलं. कंप जास्त असेल त्या दिवसासाठी आणखी एक युक्ती: दोन सेकंदांचा टायमर. कॅमेरा गडग्यावर, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणावर, ठेवायचा, दाबायचं, हात काढून घ्यायचा.

तरी पहिल्या रिळात, हो, ते अजून रीळच म्हणतात, गडबड झालीच. भिरडाच्या भोकाचा फोटो वीतभरावरून काढला आणि भोक फोटोच्या बाहेर. खिडकी लेन्सच्या वर, बाजूला असते. लांबच्या झाडाला फरक पडत नाही, जवळच्या वस्तूला पडतो. म्हणून जवळचं काही असलं तर पडदा सुरू करायचा, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिला गेला, लाल शाईत, अधोरेखित.

प्रिंटची वेगळीच कथा. कॅमेऱ्याचा फोटो चारास तीन, कागद सहास चार. प्रमाण जुळत नाही, म्हणून फोटो स्टुडिओचं मशीन वरची-खालची पट्टी कापतं. माणसांच्या फोटोत डोकी उडतात. पण इथे जुन्या खिडकीचा दोष कामी आला. तिच्यातून दिसतं त्यापेक्षा फोटोत जास्त येतं, चारही बाजूंनी. अण्णांनी खिडकीत नीट बसवलेलं झाड फोटोची पट्टी कापल्यावरसुद्धा शेंड्यासकट राहिलं. स्टुडिओवाल्याला वाटलं, काकांना कॉम्पोझिशन कळतं.

आता कॅमेरा बिस्किटाच्या डब्यात राहतो. औषधांच्या बाटल्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या मी वर्षभर जमवते आणि त्यात टाकते. मे संपला की सेल बाहेर काढायचे, ही तारीख कॅलेंडरवर आहे. कार्ड स्टुडिओत शेजारचा मुलगा नेतो, प्रिंट आले की अण्णा मागे पेन्सिलीने कलमाचा नंबर टाकतात.

जानेवारीत एकदा सकाळी सातला फोन आला. घाबरूनच उचलला.

"बाय, २३ नंबराला मोहोर आलाय. चार वर्षांनी."

"फोटो काढलात?"

"काढला ना."

"मग पाठवा की कुणाकडून तरी, व्हॉट्सअॅपवर."

"पाठवायला कशाला? छापून आणलाय. येशील तेव्हा बघ."