वरून सगळं दिसतं ना तुम्हाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. गणपतीत गावी गेले की, लग्नात पंगतीला बसले की, अगदी कुडाळ स्टेशनवर तुतारी एक्स्प्रेसची वाट बघत उभी असले तरी कोणीतरी विचारतंच: "तू ता सॅटेलाईटवरसून रोग बघतंस मां, मग लेप्टो खंय येतलो ता आदी कित्याक सांगणंस नाय?" दरवेळी मी दोन वाक्यं बोलते आणि विषय बदलते. आता एकदाच सगळं सांगते.

लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पाण्या-चिखलात उतरणारा आणि फुटलेल्या कातडीतून अंगात शिरणारा रोग. पण उपग्रहाला रोग दिसत नाही हो. जंतू दिसत नाही, उंदीर दिसत नाही, ताप तर नाहीच नाही. दिसतं ते एवढंच की पाणी कुठे किती दिवस साचलं, माती किती ओली आहे, झाडोरा किती आहे, जमीन किती तापली. मग मागच्या वर्षांचे पेशंट कुठले होते ती यादी घ्यायची, त्या जागा तेव्हा कशा होत्या ते बघायचं आणि यंदा तशा जागा कुठे आहेत ते शोधायचं, असा तो सगळा जुळवाजुळवीचा धंदा आहे. त्यात यादीत पत्ता असतो घराचा आणि लागण झालेली असते मळ्यात, आणि मळा घराला लागूनच असतो असं कोकणात कोण म्हणेल?

मी या कामात आले ती २००६ मुळे. त्या वर्षी नासाच्या लोकांनी समुद्राचं तापमान आणि जमिनीवरची हिरवळ बघून सप्टेंबरपासूनच सांगायला सुरुवात केली होती की पूर्व आफ्रिकेत रिफ्ट व्हॅली तापाचा, म्हणजे डासांमुळे गुरांत आणि माणसांत पसरणाऱ्या एका रोगाचा, धोका वाढतोय, आणि डिसेंबरमध्ये केनियात खरंच साथ आली. कॉलेजात हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतर मुंबईत लेप्टोने माणसं गेली ते आम्ही पाहिलेलं, मग मला वाटलं केनियात जमतं तर आमच्याकडे का नाही जमणार.

नाही जमत, निदान तसंच्या तसं नाही, आणि त्याचं कारण समजायला मला बरीच वर्षं लागली. तिकडचा तो माळ एरवी कोरडा असतो, तो हिरवा झाला म्हणजे पाऊस झाला, पाणी साचलं, डास वाढणार, इतकं ते सरळ आहे. आमच्याकडे जून ते सप्टेंबर सड्यापासून, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारापासून, खाली खाडीकाठच्या खाजणापर्यंत सगळंच हिरवं, त्यातून काय ओळखणार? बरं फोटो काढायचा तर चार महिने ढग. रडार ढगातून बघतं, त्याला साचलेलं पाणी काळं दिसतं, पण जुलैत लावणीच्या वेळी सगळेच मळे काळे, आणि तेसुद्धा १२ दिवसांतून एकदा. पावसाचा उपग्रही डेटा अर्ध्या तासाला येतो खरा पण त्याचा एक चौकोन साधारण ११ किलोमीटरचा, आणि सह्याद्रीवरचे पावसाळी ढग फार उंच नसतात त्यामुळे घाटाकडचा पाऊस तो बऱ्याचदा कमीच सांगतो. किनाऱ्यावरचं वेंगुर्ला आणि घाटावरची आंबोली यांच्यात सरळ रेषेत ४० किलोमीटरच्या आसपास अंतर, पण पाऊस किती वेगळा ते मी तुम्हाला सांगायला नको.

हे सगळं मी नेहमी सांगतेच. मामाचं सांगत नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गटाचा लेप्टोच्या धोक्याचा मॅप त्या पावसाळ्यात पहिल्यांदा तयार होता, लाल म्हणजे धोका सगळ्यात जास्त, मग केशरी, मग पिवळा. रविवारी संध्याकाळी मामाचा फोन आला तेव्हा मॅप नेमका समोर उघडा होता. मामाला माझ्या कामाचं भारी कौतुक. म्हणाला, "बाय, तुका वरसून माझो मळो दिसता काय गो?" मी म्हटलं दिसतो ना, आणि खरंच दिसत होता, दोन सड्यांच्या मधली चिंचोळी पट्टी, सगळ्यात अरुंद ठिकाणी तीन-चार पिक्सेल. तो इतका खूश झाला की मामीला हाक मारून सांगितलं. मग म्हणाला लावणी लांबलीय, चार दिवस सकाळपासून काळोख होईपर्यंत चिखलात आहे, पायाच्या बेचक्यांत चिखल्या झाल्यात, मामी हळद-तेल लावतेय. मी ऐकलं. चिखल्या म्हणजे कातडी फुटलेली, आणि फुटलेल्या कातडीतून काय आत शिरतं हे मी लोकांना स्लाईड दाखवून शिकवते. पण समोरच्या मॅपवर ती वाडी पिवळी होती. मी म्हटलं काळजी घे, आणि मग आम्ही पाऊस कधी उघडेल यावर बोललो.

अकराव्या दिवशी ताप आला. पोटऱ्या भयंकर दुखत होत्या, सगळे म्हणाले लावणीची अंगदुखी. जवळच्या डॉक्टरने तापाच्या गोळ्या दिल्या, दोन दिवसांनी सलाईन लावलं. चौथ्या दिवशी डोळे लाल, मग पिवळे, लघवी बंद झाल्यासारखी. मोठ्या हॉस्पिटलात नेलं तोवर किडन्या गेल्या होत्या, श्वास लागला होता. मी पुण्याहून निघाले, फोंडा घाट उतरत होते तेव्हा मामेभावाचा फोन आला. घरी पोचले, पाया पडायला वाकले तर बोटांच्या बेचक्यांत हळद तशीच होती. हॉस्पिटलात बहुतेक कोणी पुसलीच नव्हती.

नंतर मी तो मॅप कितीदा उघडला असेल. ती वाडी पिवळी का? पावसाचा चौकोन मोठा. उंच-सखल दाखवणारा डेटा ३० मीटरचा, त्यात दोन सड्यांमधला खोलगट मळा सपाट होऊन गेलेला. आणि त्या वाडीतले लोक तापाला खाजगी डॉक्टरकडे जातात, सरकारी यादीत त्यांची नावंच नाहीत, म्हणून मॉडेल शिकलं की इथे काही होत नाही.

मॅप चुकला म्हणायचं तर मला ते पटत नाही. तो मॅप लेप्टो टाळायच्या गोळ्या कुठे आधी पाठवायच्या ते ठरवायला होता, एका माणसाचं नशीब सांगायला नव्हता, आणि पिवळा म्हणजे धोका नाही असं आम्ही कुठेही लिहिलं नव्हतं. लाल वाड्यांत त्या वर्षी आशाताई दोनदा जास्त फिरल्या, तिथे काय टळलं ते कधीच मोजता येणार नाही, जे टळतं त्याची यादी बनत नाही. पण आमच्या प्रस्तावात 'दोन आठवडे आधी इशारा' हे शब्द मीच घातले होते. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते, आणि त्या मुलीशी मी अजून भांडते. ती म्हणते वाडी लाल असती तर तू मामाला गोळी घ्यायला सांगितलंच असतंस, म्हणजे मॅप लागतोच, फक्त अजून चांगला हवा. मी म्हणते, मॅप समोर नसता तर सांगितलं असतं. चिखल्या म्हटल्याबरोबर माझ्या आईने विचारलं असतं, आठवड्याची गोळी घेतलीस काय रे? आई दहावी शिकलेली. मला त्या संध्याकाळी माझ्या कानांपेक्षा स्क्रीन खरा वाटला. काही दिवस ती जिंकते, काही दिवस मी.

३० जुलै २०२५ ला निसार हा नासा आणि इस्रोचा रडार उपग्रह श्रीहरिकोट्याहून वर गेला तेव्हा किती जणांनी मेसेज केले, आता तरी आधी कळेल ना? त्याच्या रडारची लांब लहर झाडोऱ्यातून खालपर्यंत पोचते, मातीचा ओलावा आजच्यापेक्षा पुष्कळ बारीक दिसेल, मी स्वतः ते उड्डाण लाईव्ह बघताना हात जोडून बसले होते. पण फेरी त्याचीही १२ दिवसांचीच, आणि उंदीर त्यालाही दिसायचे नाहीत.

गेल्या मे महिन्यात मी मॅपचा मोठा प्रिंट घेऊन आमच्या भागातल्या आशाताईंकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, पेन घेतलं आणि माझ्या पिवळ्या भागात पाच रिंगणं काढली. "हय पाणी दिवाळेपर्यंत आटणा नाय," म्हणाल्या. त्यातलं एक मामाच्या मळ्यावर. ती रिंगणं मी मॉडेलमध्ये घातली. सोबतचे म्हणतात हा डेटा नाही, एका बाईचा अंदाज आहे, उद्या तिने काम सोडलं की काय करणार. परवा मीटिंगमध्ये मी जरा चढ्या आवाजात बोलले की या रिंगणांना कोणी हात लावायचा नाही. रात्री झोप येईना. सिंधुदुर्गात वाड्या किती, आणि प्रत्येक वाडीला अशा आशाताई कुठून आणू, हा सोबतच्यांचा प्रश्न खोटा नाही, आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं.