आधी पत्ता, मग बाकी सगळं

मोठ्या शहरात इमर्जन्सी डिस्पॅचर, म्हणजे आणीबाणीचे फोन घेऊन मदतीच्या गाड्या पाठवणारा माणूस, व्हायचं म्हटलं की लोक आधी विचारतात, ‘धीर आहे का?’ धीर लागतोच, पण त्याच्याआधी कान आणि बोटं लागतात. ऐकत असताना टाइप करायचं आणि टाइप करतानाच पुढचा प्रश्न विचारायचा. भरतीच्या चाचण्याही तशाच असतात: फोन नंबर ऐकवून थोड्या वेळानं तो टाइप करायला लावणं, नकाशावरून जवळची गाडी निवडणं, आणि हे चालू असताना मध्येच दुसरं काम पुढ्यात टाकणं. नुसता टायपिंगचा वेग असलेले इथे हमखास अडकतात.

मोठ्या केंद्रात फोन घेणारा वेगळा आणि वायरलेसवरून गाड्या हलवणारा वेगळा असतो. नवीन माणूस बहुधा आधी फोनवर बसतो. त्यानं टाइप केलेली माहिती फोन चालू असतानाच डिस्पॅचरच्या स्क्रीनवर दिसते. त्यामुळे ‘प्रश्न कसले विचारताय, आधी गाडी पाठवा’ ही ओरड ऐकून गडबडायचं नाही. तुम्ही विचारत असता तेव्हा गाडी निघालेली असू शकते, आणि तेवढं फोनवरच्या माणसाला सांगून टाकायचं.

पहिला प्रश्न पत्त्याचा. काय झालंय ते कळलं नाही तरी पत्त्यावर कोणीतरी पाठवता येतं. उलटं जमत नाही. मोबाइल टॉवरवरून नुसता परिसर कळतो. हँडसेट स्वतःचं लोकेशन पाठवत असेल तर इमारत सापडते, पण मजला त्यावरून खात्रीनं सांगता येत नाही. इंटरनेटवरच्या फोनचा नोंदवलेला पत्ता जुन्या घराचा असू शकतो. म्हणून स्क्रीनवरचा पत्ता वाचून ‘बरोबर ना?’ असं कधीच विचारू नये. घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. पत्ता त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचा, मग विंग, मजला, कोणतं गेट, जवळचा चौक. हायवेवर असेल तर कुठून कुठे चालला होता ते आधी. चुकीच्या बाजूला गेलेल्या गाडीला पुढचा यू-टर्न कधी मिळेल याचा नेम नसतो. लगेच परत फोन करायचा नंबर घ्यायचा, कारण लाइन तुटते.

समोरचा नुसता ओरडत असेल तर एकच वाक्य, त्याच शब्दांत, त्याच पट्टीत पुन्हा पुन्हा: ‘पत्ता सांगा, म्हणजे मदत पाठवता येईल.’ शब्द बदलले की त्याला तो नवा प्रश्न वाटतो. आवाज चढवला की तोही चढवतो.

सगळ्यात फसवं उत्तर ‘श्वास चालू आहे’ हे. हृदय बंद पडल्यावरही काही मिनिटं माणूस मधूनमधून आचके दिल्यासारखा, घोरल्यासारखा श्वास घेतो आणि घरच्यांना तो श्वासच वाटतो. म्हणून ‘नेहमीसारखा आहे का?’ असं विचारायचं आणि छाती वर आली की दर वेळी ‘आता’ म्हणायला सांगायचं. दोन ‘आता’मधलं अंतर लांबलं की समजायचं. माणूस शुद्धीवर नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, तर सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं. फोन स्पीकरवर, रुग्ण पलंगावरून खाली कडक जमिनीवर उताणा, तळहाताची टाच छातीच्या मधोमध, त्यावर दुसरा हात. मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब. मोजायचं तुम्ही, मोठ्यानं. एकदोन मिनिटांत दाबणारा दमतो, म्हणून शेजारी कोणी असेल तर आधीच तयार ठेवायला सांगा. बरगडी मोडल्याचा आवाज आला की लोक थांबतात. थांबू द्यायचं नाही.

फोनवरून अशा ठरलेल्या सूचना देण्याची पद्धत डॉ. जेफ क्लॉसन यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस सॉल्ट लेक सिटीत बसवली. आज अनेक देशांत अशी प्रश्नावली वापरतात. पाठ झाली तरी ती समोर ठेवूनच वाचावी.

नोंदीत निष्कर्ष लिहू नका. ‘दारू प्यायलेला’ लिहिलंत आणि निघाला पक्षाघात किंवा उतरलेली साखर, तर? ‘बोलणं अडखळतं, तोल जातो’ एवढंच लिहा.

गप्प कॉल लगेच कापायचा नाही. मागचे आवाज ऐका, हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा. ब्रिटनमध्ये बोलता येत नसेल तर मोबाइलवर ५५ दाबायची सोय आहे.

वायरलेसवर बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोला, नाहीतर पहिला शब्दच खाल्ला जातो. आकडे सुटे सांगा. एकोणसाठ आणि एकोणसत्तर खरखरीत सारखेच ऐकू येतात. ‘पाच-नऊ’ आणि ‘सहा-नऊ’ म्हटलं की घोळ होत नाही.

वर्गातले धडे झाले की अनुभवी माणसाशेजारी, त्याच लाइनला दुसरा हेडसेट लावून बसवतात. पाळ्या, सणासुदीच्या ड्युट्या, बदली आली नाही म्हणून लांबलेली रात्र हे गृहीत धरा. पुढे त्या माणसाचं काय झालं, हे बहुतेक वेळा कळत नाही. काहींना तेच सगळ्यात जड जातं. एखादं केंद्र उमेदवारांना नुसतं ऐकायला बसू देत असेल, तर अर्ज करण्याआधी एक पूर्ण रात्रपाळी तिथे बसून काढा.