टोकियोतला जुना फ्लॅट आणि पुण्यातली माझी बँक

जपानमध्ये परदेशी माणसाला घर घेता येत नाही, असं मला अनेकांनी ठासून सांगितलं होतं. येतं. व्हिसा लागत नाही, तिथे राहत असण्याचीही अट नाही. नोकरीची काही वर्षं टोकियोतल्या निशी-कासाईत काढली होती, म्हणून त्याच भागात १९८४ सालच्या इमारतीतला वन-रूम फ्लॅट घेतला, भाड्याने द्यायला. तिकडचं सगळं सुरळीत झालं. अडलं ते पुण्यात, माझ्याच बँकेत.

तिकडची पद्धत अशी: करार करताना इसार द्यायचा, आणि ठरलेल्या दिवशी उरलेली रक्कम, किल्ली आणि मालकीनोंदणीचा अर्ज असं सगळं एकदमच उरकायचं. तारीख चुकली तर इसार धोक्यात. माझं जपानी खातं केव्हाच बंद झालेलं, म्हणून पैसे शिहो-शोशीकडे, म्हणजे नोंदणीचं काम बघणाऱ्या परवानाधारकाकडे पाठवायचे आणि त्याने ते विक्रेत्याला द्यायचे, असं ठरलं.

पुण्यातल्या बँकेत ऐकवलं गेलं, "सर, करारात नाव एकाचं आणि पैसे दुसऱ्याला? नाही जमणार."

एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, त्यात स्थावर मालमत्ताही बसते, हे मी दाखवलं. ते मान्य. मग म्हणे, आधी नोंदणी झालेलं खरेदीखत आणा. अहो, पैसे पोचल्याशिवाय नोंदणी कशी होईल? यावर उत्तर एकच, "वरून क्वेरी आली आहे." वरचे कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही. परदेशी पैसे पाठवण्याचा ए-टू फॉर्म मी इतक्यांदा भरला की पॅन नंबर झोपेतही सांगितला असता. तिकडे एजंट रोज नम्रपणे विचारायचा, पैसे निघाले का? त्या नम्रतेनेच जास्त घाम फुटायचा.

शेवटी मीच मार्ग काढला. विक्रेता, एजन्सी आणि शिहो-शोशी या तिघांच्या सह्यांचं पत्र इंग्रजीत मागवलं: रक्कम कोणाच्या खात्यात, कशासाठी, विक्रेत्याला कधी मिळणार. ते दिल्यावर फाइल हलली. तुम्ही हे पत्र कराराच्या वेळीच घ्या. आणि परदेशी बँकांचे सगळे चार्जेस आपल्याकडे घ्या, नाहीतर तिकडे रक्कम कमी पोचते. दहा लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जातो. तो रिटर्न भरताना वळता होतो, पण त्या दिवशी खात्यात असावाच लागतो.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: जुनी इमारत बघताना बांधकाम परवानगीची तारीख विचारा. १ जून १९८१ पासून भूकंपाचे नवे निकष लागू झाले. १९८२ मध्ये पूर्ण झालेली इमारतही जुन्या निकषांची असू शकते. भिंतीचा रंग नंतर बघा, आधी इमारतीच्या सामायिक दुरुस्ती निधीत शिल्लक किती ते बघा. तो आटलेला असेल तर मासिक वर्गणी वाढणार हे धरून चाला.

तिकडे सहीऐवजी नोंदणीकृत शिक्का वापरतात; त्या शिक्क्याच्या दाखल्याऐवजी आपल्याला नोटरीचं शपथपत्र चालतं. त्यातला पत्ता मात्र पासपोर्टवर आहे तसाच्या तसा हवा, "दत्त मंदिराच्या मागे" सकट. व्यवहारानंतर २० दिवसांत बँक ऑफ जपानमार्फत जपान सरकारला खरेदी कळवावी लागते. कर भरायला तिथला प्रतिनिधी नेमून ठेवा, कारण मालमत्ता संपादन कराचं बिल काही महिन्यांनी येतं, आपण सगळं विसरलेलो असताना.