वडाळ्याच्या आतल्या गावची मंडळी

नगरहून संभाजीनगरच्या रस्त्याला लागलं की घोडेगावपर्यंत शिंगणापूरच्या गाड्यांची गर्दी. ती ओसरली की वडाळा बहिरोबा येतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनचे सॅम्युएल फेअरबँक इथे राहून गावोगाव फिरायचे. हे पाद्रीसाहेब पक्ष्यांचेही अभ्यासक. तमिळनाडूतल्या पळणी डोंगरांतल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आजही ‘फेअरबँकी’ आहे. आम्हाला मात्र वडाळ्याहून आत, उसाच्या फडांमधून, माझ्या मैत्रिणीच्या आजोळी जायचं होतं. गावाचं नाव लिहीत नाही. कारण पुढे येईलच.

“सलाम, सलाम, या!” म्हणत मावशी वेशीपर्यंत आल्या. सुगीच्या उपकारस्तुतीचा, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा रविवार होता.

इथले ख्रिस्ती आपल्या चर्चला मंदिर म्हणतात. हे मंदिर म्हणजे एक दगडी खोली आणि वर नवा पत्रा. आठवडाभर शाळा, रविवारी उपासना, ही मिशनची जुनी रीत. शिकवणारा मास्तरच मंडळीचा, म्हणजे गावातल्या ख्रिस्ती समाजाचा सेवक, पगार मिशनचा. महार-मांग वस्तीतल्या पोरांनी अक्षर गिरवलं ते अशाच खोल्यांत. पुढे शाळा सरकारी झाल्या, परदेशातून येणारा पैसा आटला आणि मास्तर गेले. उपासना चालवणं, पेटी वाजवणं, लोकांची पत्रं वाचून दाखवणं, सगळं त्या एका माणसावर होतं. मग 1972 चा दुष्काळ पडला. तरणी माणसं पिंपरी-चिंचवडला, मुंबईला गेली. मागे राहिल्या म्हाताऱ्या आणि कुलूप.

आणि कागद. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 साली शीख, 1990 साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती बाहेरच राहिले. त्यामुळे कितीतरी घरांत दाखल्यावर एक धर्म आणि देव्हाऱ्याच्या जागी दुसरा. ज्या चुलतभावांच्या आज्यांना एकाच विहिरीवरून हाकललं, त्यातल्या एकाला सवलत आणि दुसऱ्याला नाही, हा मला उघड अन्याय वाटतो. अशा गावात मंदिराची पायरी चढणंसुद्धा चारचौघांत दिसतं. म्हणून नाव नको.

कुलूप उघडलं ते बायकांनी. पाळक (पाद्री) नाही, पेटी नाही, म्हणून मावशी आणि शेजारणी संध्याकाळी आळीपाळीनं एकमेकींच्या ओसरीवर बसू लागल्या. टाळ घरचेच होते. गाणी नारायण वामन टिळकांची, आईच्या तोंडून पाठ झालेली. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले टिळक स्वतः सांगत की, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. ज्ञानेश्वरीचं नेवासं इथून हाकेच्या अंतरावर. या मातीत अभंगाची चाल कुणाला शिकवावी लागत नाही. मला वाटतं, मंडळी तगली ती यामुळेच. पगारावर उभं होतं ते पगारासोबत गेलं. पाठ असलेलं राहिलं.

ओसरी अपुरी पडायला लागली तेव्हा मंदिर झाडून घेतलं. पिंपरीतल्या पोरांनी पत्र्याचे पैसे जमवले. आता पाळकसाहेब महिन्यातून एकदा प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटून घ्यायच्या विधीला येतात. त्यांच्याकडे आणखी गावं आहेत. बाकीचे रविवार बायका चालवतात, वाचनासकट. सातवी-आठवीतल्या मुली शुभवर्तमान वाचतात. अडल्या तर पहिल्या रांगेतून शब्द येतो.

उपासना संपली आणि अंगणात अर्पणाचा लिलाव सुरू झाला. बाजरीच्या पायल्या, शेवग्याच्या शेंगा, भोपळे, टोपलीभर अंडी, आणि पाय बांधलेली एक तांबडी कोंबडी. बोली लावायला बौद्ध वस्तीतले शेजारी आले होते, बांधापलीकडचे पाटीलही. कोंबडी पिंपरीच्या एका पोरानं घेतली, पैसे मोजले आणि परत अर्पणात ठेवली. पुन्हा बोली. दुसऱ्या वेळेला पाटलांनी घेतली, त्यांनीही ठेवली. तिसऱ्यांदा शेजारच्या काकूंनी ती काखेत मारली आणि म्हणाल्या, “आता ही माझ्या घरी चालली, लई दमली बिचारी!” अंगण हसून लोटपोट.

जेवताना पंगतीत वाद रंगला: जमलेल्या पैशांत पेटी घ्यायची की मागच्या भिंतीला गिलावा करायचा? मावशी गिलाव्याच्या बाजूनं. “पेटीवाचून आपलं कधी अडलं का गं?” त्यांनी शेजारणीला विचारलं. पोरींनी मात्र पेटीसाठी हात वर केले, आणि निर्णय पाळकसाहेब येतील त्या रविवारावर ढकलला गेला.