दोन तुकडे करून आणलेली रेल्वेची आगबोट

किंग्स्टनला जायचं म्हटलं की टोरांटोची मंडळी थाउजंड आयलंड्सच्या फेरीची तिकिटं काढतात. आम्हीही काढली, पण माझा डोळा होता गावातल्या जुन्या ड्राय डॉकमधल्या (बोटींच्या दुरुस्तीसाठी पाणी काढून कोरडी करता येणारी गोदी) 'कीवाटिन'वर. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेची ही आगबोट १९०७ साली स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोच्या गोव्हन भागात बांधली.

आता रेल्वेला बोट हवी कशाला? तर १९१२ पासून टोरांटोची गाडी लेक ह्यूरनच्या बाजूच्या पोर्ट मॅकनिकोल बंदरात थेट धक्क्यावर यायची. उतारू गाडीतून उतरून बोटीत चढायचे, लेक ह्यूरन आणि सुपिरियर पार करून पलीकडच्या फोर्ट विल्यमला (आताचं थंडर बे) उतरायचे, आणि तिथून पुन्हा कंपनीचीच गाडी. सुपिरियरच्या उत्तरेने रूळ १८८५ मध्येच जोडले होते, त्यामुळे अडलं कुणाचंच नव्हतं. पण गाडीत अंग आंबवण्यापेक्षा हे बरं, असंच मीही म्हटलं असतं.

खरी गंमत ती स्कॉटलंडहून या तलावांत आली कशी याची. बोट १०२ मीटर लांब, आणि ओंटारिओ व ईरी तलावांना जोडणाऱ्या वेलंड कालव्याचे तेव्हाचे लॉक (बोट वर-खाली करणारे पाण्याचे बंद कप्पे) जेमतेम ८२ मीटरचे. मग अटलांटिक ओलांडून आलेली कोरी करकरीत बोट क्वेबेकजवळ लेव्हीला मधोमध कापली, दोन्ही तुकडे कालव्यातून ओढत नेले आणि बफेलोला पुन्हा जोडले! मी जोड शोधत डेकभर फिरले. बायको काय शोधतेय, हे नवऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

वर महोगनीचं काम, रंगीत काचा, आणि फर्स्ट क्लासच्या कूपेसारख्या अरुंद केबिन. मला मात्र इंजिनरूम जास्त आवडली. तीच वाफ एकामागून एक चार सिलिंडरांत फिरवायची, प्रत्येक सिलिंडर आधीच्यापेक्षा मोठा. बॉयलरमध्ये कोळसा फावड्याने टाकायचा. तिथल्या उन्हाळ्याची कल्पना करवत नाही.

१९४९ मध्ये टोरांटो बंदरात दुसऱ्या कंपनीची 'नोरॉनिक' जळाली, शंभरावर माणसं गेली. त्यानंतर लाकडी केबिनच्या बोटींवर नियमांचा फास आवळत गेला आणि १९६५ मध्ये कीवाटिनची प्रवासी सेवा थांबली. तिची जुळी बहीण 'असिनिबॉइया' १९६९ मध्ये आगीतच गेली. ही मात्र मिशिगनमध्ये संग्रहालय होऊन वाचली, २०१२ मध्ये पोर्ट मॅकनिकोलला परतली आणि २०२३ मध्ये किंग्स्टनला आली. येताना वाटेत तोच वेलंड कालवा लागला. १९३२ पासून त्याचे लॉक मोठे झालेत, त्यामुळे या खेपेला ती अख्खीच्या अख्खी पार झाली.