दोंग, नान, शी, बेई

बुधवार, रात्री उशिरा

बीजिंगमध्ये आज पुन्हा रस्ता चुकले. कोपऱ्यावर ज्यानबिंग (आपल्या धिरड्याची चुलतबहीण) विकणाऱ्या आयींना पोस्ट ऑफिस कुठे ते विचारलं. इथे आईच्या वयाच्या बाईला ‘आयी’ म्हणतात, त्यामुळे हाक मारताना परकं वाटत नाही. उत्तर मात्र परकं. ‘बेईकडे सरळ जा, मग दोंगला वळ.’ म्हणजे उत्तरेला, मग पूर्वेला. ‘पण डावीकडे की उजवीकडे?’ असं विचारल्यावर त्यांनी पळी हवेत धरून माझ्याकडे पाहिलं. एवढी मोठी घोडी, आणि हिला उत्तर कळत नाही!

या जुन्या शहराचे रस्ते चौकटीच्या वहीसारखे आखलेले, म्हणून इथली माणसं दिशांतच बोलतात. मेट्रोच्या दारावरसुद्धा ‘दोंगनान खोऊ’, पूर्वदक्षिण दार. मी ते आधी आग्नेय करते, मग आग्नेय म्हणजे आजीचा ओटा हे आठवते, आणि मनातल्या मनात आमच्या स्वयंपाकघरातून बाहेर पडते. तोवर मागची गर्दी ढकलत असते.

दक्षिणेकडे पाय करून झोपू नये, हे आजीने इतकं बिंबवलंय की भाड्याच्या खोलीत आल्या आल्या फोनवर होकायंत्र लावून पलंग फिरवला होता. त्या यंत्राला इथे ‘झिनानझन’ म्हणतात, दक्षिण दाखवणारी सुई. सुई तीच, यांनी दुसरं टोक धरलंय.

वर-खाली सोपं वाटलं होतं. ‘झुओझ शांग’ म्हणजे टेबलावर; ‘वर’ शेवटी, अगदी मराठीसारखं. पण कालगणनेत ‘शांग’ म्हणजे मागचा आणि ‘श्या’ म्हणजे पुढचा. मैत्रिणीला ‘वरच्या’ आठवड्यात जेवायला ये म्हटलं, तर ती म्हणाली, ‘तो तर होऊन गेला, काय काय केलं होतंस?’ आणि ‘दोंगशी’, पूर्व-पश्चिम, म्हणजे वस्तू! बाजारात जाऊन लोक पूर्व-पश्चिम विकत घेतात. (उत्तर-दक्षिण का नाही, हे विचारायचं मी सोडलंय.)

आता सवय लागतेय बहुतेक. रात्री व्हिडिओ कॉलवर आई चष्मा शोधत होती. मी सहज म्हणून गेले, ‘फ्रिजच्या उत्तरेला बघ.’

आई क्षणभर गप्प. मग म्हणाली, ‘फ्रिजच्या उत्तरेला भिंत आहे गं.’